दाणे नाहीत हो, नुसतं कूट आहे

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. माझा मुलगा सव्वासहा वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात न्यावं लागलं. गेल्या श्रावणात नणंदेकडे काकडीची कोशिंबीर खाऊन पुन्हा तेच झालं, या वेळी धापही लागली. त्यानंतर आम्ही रक्ताची एक मोठी तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये चौदा पदार्थांपुढे लाल खूण होती. शेंगदाणा, दूध, गहू, अंडं, तीळ, हरभरा, वांगं, केळं वगैरे. आम्ही सगळंच बंद केलं. नऊ महिने तो भात, मूगडाळ, बटाटा, दुधी, नाचणी आणि सफरचंद यावर आहे. वजन 15 किलो. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती ही थेरं, थोडं थोडं दिलं की सवय होईल. जूनमध्ये तो पहिलीत जाईल. शाळा म्हणते, आम्ही जबाबदारी घेणार नाही. माझी बाळंतपणाची रजाही जूनमध्ये संपते. नवरा म्हणतो, तू नोकरी सोड. धाकटी पाच महिन्यांची आहे, तिलाही हे झालं तर? रात्री झोप लागत नाही. काय करू?
एक आई, ठाणे

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी अडले ती काकडीच्या कोशिंबिरीपाशी. तुम्ही नणंदेला विचारलं असणारच, की यात शेंगदाणे नाहीत ना? आणि तिनेही मनापासून "नाही" म्हटलं असणार. आपल्याकडे शेंगदाणे म्हणजे पोह्यात डोकावतात ते, नाहीतर पुडीतले खारे. कूट हा शेंगदाणा नव्हेच, ते मीठ-साखरेसारखं, हात आपोआप डब्यात जातो. माझी मुलगी लहान असताना तिच्या मैत्रिणीसाठी मी एका घरी हाच प्रश्न विचारला होता. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "दाणे नाहीत हो, नुसतं कूट आहे." बोलण्यात तिळमात्र लबाडी नव्हती.

तेव्हा पहिलं काम, प्रश्न बदला. एका दमात तीन शब्द विचारायचे : दाणे, कूट, दाण्याचं तेल. तेलाचं लोकांना पटत नाही. पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलात शेंगदाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, आणि ॲलर्जी असते ती प्रथिनाची. पण फिल्टर्ड तेल म्हणजे रिफाइंड नव्हे. हल्ली जे लाकडी घाण्याचं तेल कौतुकाने आणतात, त्यात तर ते प्रथिन असतंच. एरवी ज्याला आपण शुद्ध म्हणतो तेच तुमच्या मुलाला नको.

आता त्या चौदा लाल खुणा.

रिपोर्ट हातात पडायच्या आदल्या रात्री तो काय जेवला होता, आठवून बघा. पोळी खाल्ली असेल, दूध प्यायला असेल, मधल्या वेळी केळं. काही झालं होतं का? रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई (ॲलर्जीत भाग घेणारी अँटिबॉडी) सापडणं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होणं ही वेगळी गोष्ट. ज्या मुलांना एका पदार्थाची खरी ॲलर्जी असते त्यांच्या रक्तात इतर पाच-सात पदार्थांपुढेही खूण येऊ शकते, आणि ती मुलं ते पदार्थ आरामात खात असतात. म्हणूनच जाणकार डॉक्टर आधी "काय खाल्लं, किती वेळाने काय झालं" हे विचारतात आणि नेमक्या संशयाच्या पदार्थांचीच तपासणी करतात. सरसकट पन्नास-साठ पदार्थांची पट्टी लावणारी तपासणी घरातली काळजी वाढवते, दुसरं फारसं काही करत नाही. तुमच्या रिपोर्टवर आयजीई लिहिलंय की आयजीजी, तेही बघा. आयजीजी ही वेगळ्या जातीची अँटिबॉडी, ती असेल तर तो कागद रद्दीत घाला. तो पदार्थ मूल पूर्वी खात होतं, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

तुमच्या पत्रावरून दोनदा घात केला तो शेंगदाण्याने. बाकी तेरा निव्वळ आरोपी आहेत.

पण आज रात्रीच त्याला पोळी आणि दूध देऊ नका. हे फार महत्त्वाचं आहे. जो पदार्थ शरीर रोज सहन करत होतं, तो कित्येक महिने पूर्ण बंद केला की ती सहनशक्ती कधीकधी जाते, आणि परत दिल्यावर जोराची रिॲक्शन आल्याची उदाहरणं आहेत. मुलांच्या ॲलर्जीचं काम करणाऱ्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. ते त्वचेवर थेंब ठेवून सुईने टोचायची तपासणी करतील आणि गरज असेल तिथे ओरल फूड चॅलेंज. म्हणजे हॉस्पिटलमध्ये, सगळी औषधं हाताशी ठेवून, तो पदार्थ अगदी कणभरापासून वाढवत खायला घालायचा आणि लक्ष ठेवायचं. त्यात अर्धाअधिक दिवस जातो, पण यादीतला पदार्थ खात्रीने खोडता येतो. माझा अंदाज असा, की गहू आणि केळं लवकर परत येतील. दुधाची ॲलर्जी खरी निघाली, तरी केकसारख्या भरपूर भाजलेल्या पदार्थातलं दूध अशी बरीच मुलं पचवतात. तिळाचं मात्र स्वतंत्रपणे विचारा, कारण तो जोरदार गडी आहे.

वजनाचं मी गोड बोलून सांगणार नाही. या वयाच्या मुलाचं वजन साधारण 20 किलोच्या आसपास असतं. तुमचं मूल अर्धपोटी आहे, आणि ते ॲलर्जीमुळे कमी, त्या यादीमुळे जास्त. डॉक्टरांच्या जोडीला आहारतज्ज्ञ हवाच. तोवर जे चालतंय त्यातच भर घाला. भातावर डॉक्टरांनी चालेल म्हटलेलं तेल सढळ हाताने, मूगडाळीची धिरडी, भाजणीऐवजी तांदूळ-मुगाची थालीपिठं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा नाचणी सुरू आहे हे फार बरं. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा. आणि कुणीतरी शेळीचं दूध, म्हशीचं दूध, ए टू दूध सुचवेल. दुधाची ॲलर्जी खरी असेल तर तिन्हींचा उपयोग नाही, त्यांतली प्रथिनं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात एका अक्षरानेही उल्लेख नाही तिच्याबद्दल. दोनदा ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारा ॲलर्जीचा झटका, आलेल्या मुलाच्या घरात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन नाही, याने मला तुमच्यापेक्षा जास्त घाबरवलं.

माझ्या मुलीला काजूची ॲलर्जी. ती नऊ वर्षांची असताना ठाण्यातल्याच एका हॉलमध्ये लग्न होतं. केटररला आम्ही विचारलं होतं. पनीरच्या पांढऱ्या ग्रेव्हीत "कांदा आणि मगज" असल्याचं त्याने सांगितलं. तिसऱ्या घासाला ती म्हणाली, "आई, घशात काहीतरी बसलंय." मी पर्समधून सिट्रिझिन, ती ॲलर्जीची नेहमीची गोळी, काढून दिली आणि तिला पंख्याखाली बसवून वाट बघत बसले. वीस मिनिटं! नातेवाईक पाणी आणत होते, कुणी हळद लावा म्हणत होतं, आणि मी तिच्या हातावरच्या गांधी मोजत होते. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आवाज घोगरा झाला होता आणि ओठ निळसर. डॉक्टरांनी मला काही विचारायच्या आत फ्रॉक वर करून मांडीत सुई दिली. पाच-सात मिनिटांत तिने "मला तहान लागलीय" म्हटलं, तिच्या नेहमीच्या आवाजात. ती वीस मिनिटं मी आजही स्वतःला माफ केलेली नाहीत.

सिट्रिझिनने खाज जाते. घशाची सूज, दम, कोसळणारा रक्तदाब हे तिच्याने थांबत नाही. ते काम ॲड्रेनलिनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात मिळणारं पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळत नाही, म्हणून इथले डॉक्टर साधी कुपी आणि सिरिंज वापरायला शिकवतात. कुपी काही रुपयांची असते. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोला 0.15 मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅमवाल्या कुपीतलं 0.15 मिलि. पण हा आकडा माझ्या लेखावरून घेऊ नका. डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्या, आणि वजन वाढेल तसा बदलून घ्या. कुपी उजेडापासून लांब, घरातल्या गार जागी ठेवायची. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली कुपी टाकून द्या. आतलं औषध गुलाबी-तपकिरी दिसलं तरी टाका.

द्यायचं कधी? अंगावर गांधी आणि जोडीला उलट्या, खोकला, छातीत शिट्टी, घोगरा आवाज, एकदम गळून जाणं यांतलं काहीही एक, की द्यायचं. दाणे पोटात गेल्याचं नक्की असेल आणि श्वासाला त्रास होत असेल, तर गांधींची वाट बघायची नाही. चुकून गरज नसताना दिलं गेलं तर थोडा वेळ छाती धडधडेल, हात थरथरतील. उशीर झाला तर काय होतं ते मला माहीत आहे. सुई दिल्यावर त्याला आडवं करून पाय उंच ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं. चालवायचं मात्र नाही, लिफ्टपर्यंतसुद्धा उचलून न्यायचं. मग 108. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात काही तास थांबायचं, कारण दुसरी लाट येऊ शकते. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून कुप्या दोन हव्यात. तुम्ही राहता तिथून माजिवड्यापर्यंत संध्याकाळी सात वाजता किती वेळ लागतो हे मी तुम्हाला काय सांगावं! औषध ट्रॅफिकच्या पलीकडे ठेवून चालणार नाही. रात्रीबेरात्री लहान मुलांची इमर्जन्सी घेणारं सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आत्ताच जाऊन विचारून या.

स्वयंपाकघराकडे वळू. माझं मत स्पष्ट आहे : मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत कुटाचा डबा घरातून हद्दपार. दोन डबे, दोन चमचे असली व्यवस्था चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी संकष्टी येते. मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं पातं उघडून खालचं रबर काढा आणि टूथपिक फिरवा. जे निघेल ते बघून तुम्ही नवंच भांडं आणाल. खलबत्ता दगडी असेल तर तो माळ्यावर टाका. जांभळी नाक्यावरून सुटा किराणा आणत असाल, तर निदान डाळी, रवा, पोहे बंद पाकिटातले घ्या, कारण सुट्या मालात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं. हरभरा चालतो असं ठरलं तरी फुटाणे आणि डाळं भट्टीवाल्याकडचं नको, त्याच तापल्या वाळूत आधी शेंगदाणे फिरलेले असतात. भाजीला दाटपणा हवा तर भाजलेलं सुकं खोबरं. साबुदाण्याच्या खिचडीत बटाट्याच्या काचऱ्या आणि ओलं खोबरं. चव वेगळी लागते, खोटं कशाला सांगू, पण मुलं ती चव आपली म्हणून घेतात.

पाकिटांवरचं वाचायचं ते असं. आपल्याकडच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार शेंगदाणा, सुकामेवा, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन आणि ग्लूटेनची धान्यं यांची वेगळी नोंद करावी लागते. तीळ त्या यादीत नाही. तेव्हा तिळाची ॲलर्जी खरी निघाली तर तळातली ठळक ओळ वाचून भागणार नाही, घटकांची सगळी यादी वाचायला लागेल.

एका बाबतीत जरा सैल व्हा. शेजारी कुणी खारे दाणे खात बसलं तर नुसत्या वासाने असा झटका सहसा येत नाही. हाताला लागलं तरी बहुधा तिथेच लाल होतं. धोका तोंडात जाण्याचा आहे. म्हणून हात धुवायचे ते साबणाने आणि पाण्याने. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. त्याला बागेत, तलावपाळीला, वाढदिवसाला न्या. खिशात त्याचा खाऊ, पर्समध्ये कुपी.

सासूबाईंचं म्हणणं मला वाटतं तुम्ही ऐकून घ्यावं, कारण ते अगदीच निराधार नाही. थोडं थोडं देऊन सवय लावणं हा खराखुरा उपचार आहे. अमेरिकेत 2020 मध्ये 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी शेंगदाण्याच्या पावडरीला औषध म्हणून मान्यताही मिळाली. फक्त त्याची सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनापासून होते, आणि एका दाण्यात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे एका दाण्याचा पाचशेवा भाग. सासूबाईंची चिमूट कितीही नेमकी असली तरी तेवढं धरता येत नाही. शिवाय तो उपचार डॉक्टरांसमोर सुरू होतो, वर्षानुवर्षं रोज घ्यावा लागतो, आणि मधेच रिॲक्शनही येतात. हे त्यांना तुम्ही सांगू नका. डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या आणि त्यांचाच प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत आपल्या घरांत किती फरक पडतो, तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि मग त्यांना पहारेकरी करा. कुठल्या पदार्थात कूट पडतं हे त्यांच्याइतकं तुम्हालाही माहीत नसेल, मलाही नाही. भरली वांगी, भगरीबरोबरची आमटी, वडापावची सुकी चटणी, फरसाण, कुणाच्या घरची अळूची भाजी, कुणाच्या घरचं भरीत. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, सोसायटीच्या गणपतीत ताटात काय आलंय हे दुरून ओळखणारी बाई घरात असताना तिला विरोधी पक्षात बसवू नका. प्रसाद नाकारायचा कसा हा प्रश्नही त्यांनाच सोडवू द्या. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी तो सोडवला होता. प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि आजीच्या हातावर ठेवायचा. कुणाचाच अपमान होत नाही, आणि आजीला जास्तीचा पेढा मिळतो.

शाळा. "जबाबदारी घेणार नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "आम्हाला भीती वाटते" असा असतो. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असलेल्या टीचरला तुम्ही एकदम इंजेक्शन दाखवलंत तर ती मागेच सरकणार. आधी एक कागद न्या. मुलाचा फोटो, काय चालत नाही, कोणती लक्षणं, काय करायचं, कोणते नंबर, खाली डॉक्टरांची सही. शाळा सुरू व्हायच्या आधी, शांत दिवशी, मुख्याध्यापकांना भेटा. वर्गशिक्षिका आणि ऑफिसमधलं आणखी एक माणूस सुई द्यायला शिकेल का, एवढंच विचारा. डॉक्टर शिकवतील हेही सांगा. औषध कुलुपात नको, कारण किल्ली नेमकी रजेवर असते. डबा कुणाशी वाटून घ्यायचा नाही, जेवणाआधी आणि नंतर सगळ्यांनीच साबणाने हात धुवायचे. त्याला वेगळ्या बाकावर बसवणार असतील तर ठाम नाही म्हणा. वाढदिवसाची चॉकलेटं वाटली जातात तेव्हासाठी त्याच्या आवडीच्या खाऊचा एक डबा टीचरकडे ठेवा. बसमधल्या ताईंना विसरू नका. एवढं करूनही शाळा नाहीच म्हणाली, तर लेखी नकार मागा. लेखी द्यायचं म्हटलं की माणसं जरा विचार करतात.

त्यालाही शिकवा. सहा वर्षांचा मुलगा "दाणे, कूट, तेल?" असं घडाघडा विचारू शकतो. माझी मुलगी विचारायची, आणि मोठी माणसं हसायची. हसू देत. त्याला दोन वाक्यं पाठ हवीत : "मला चालत नाही" आणि "मला कसंतरी होतंय, आत्ता." दुसरं वाक्य म्हटल्यावर कुणीही रागावणार नाही, असं त्याला वारंवार सांगा. पुष्कळ मुलं ओरडा बसेल म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसतात.

धाकटीचं ऐकून आश्चर्य वाटेल. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र एक्झिमा (कातडीला खाज-पुरळ) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 तान्ही मुलं घेतली. निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित खायला दिला, निम्म्यांना पाच वर्षं अजिबात नाही. न दिलेल्यांत शंभरातल्या 17 मुलांना ॲलर्जी झाली, दिलेल्यांत 3 मुलांना. तेव्हा भीतीपोटी तिलाही लांब ठेवू नका. तिला कातडीचा मोठा त्रास असेल तर आधी तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी होकार दिला की पेजेत मिसळलेलं गुळगुळीत कूट द्यायचं, अख्खे दाणे कधीच नाहीत. हा कार्यक्रम तुमच्या माहेरी करा. येताना तिचे कपडे बदलून, तोंड-हात धुऊन आणा.

राहता राहिली नोकरी. नवऱ्याने "तू सोड" म्हटलं, म्हणजे त्याने या प्रश्नावर तुम्हाला नेमून टाकलं आणि स्वतः मोकळा झाला. घरात एकाच माणसाला सगळं येत असेल तर ते माणूस तापाने झोपलं की मुलाचं काय? सोडायचीच झाली तर आणखी वर्षभराने, डोकं थंड असताना ठरवा. जूनमध्ये नको. तोवर डॉक्टरांची वेळ नवऱ्याने घ्यायची, शाळेत दोघांनी जायचं, आणि सुई देता येणारी माणसं घरात तीन हवीत : तुम्ही, तो आणि सासूबाई. सराव मोसंबीवर करतात. सिरिंजमध्ये साधं पाणी भरायचं, खुणेपर्यंत मोजायचं, नव्वद अंशांत सरळ टोचायचं, दाबायचं. दोन-चार मोसंबी आजच आणा, आणि पहिली सिरिंज त्याच्या हातात द्या.